सिद्राम टेलरचे साठ हप्ते

मी बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, पिग्मी गोळा करते. राहायला हिंडलग्यात. सासर-माहेर दोन्हीकडे शेती आहे, पण माझं पीक म्हणाल तर कॅम्पातली एकशे चाळीस दुकानं. दुपारी स्कूटी काढायची आणि बेकरी, चपलांचं दुकान, सलून असं दारोदार जायचं. कोणी वीस रुपये देतो, कोणी शंभर. हातातल्या छोट्या यंत्रातून पावती काढून द्यायची आणि संध्याकाळी सगळे पैसे आमच्या सोसायटीत त्यांच्या त्यांच्या खात्यावर भरायचे. ही दुकानदारांची रोजची बचत, हीच पिग्मी. बारा वर्षं झाली मला या कामात.

खातं उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी सिद्राम टेलर मला म्हणाले, "मॅडम, टाइम?"

मी घड्याळ बघून सांगितलं, "चार दहा."

"कल आप चार बजे बोले थे."

मला वाटलं, हा माणूस फौजेतून निवृत्त झालेला असणार. कडक इस्त्रीचा शर्ट आत खोचलेला, मिशी बारीक कातरलेली, बूट असे की त्यात तोंड दिसावं. गळ्यात टेप होती म्हणून शिंपी म्हणायचं. दुकान आठ बाय दहाचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, त्यांच्याखाली निरनिराळ्या पलटणींच्या फिती आणि बिल्ले ओळीनं लावलेले. गिऱ्हाईक आलं की "सावधान" म्हणायचे आणि मगच माप घ्यायचे. जवान असो की जवानाचा बाप, सगळे सावधान उभे राहायचे.

दोनेक वर्षांनी त्यांची बायको सोनुबाई हसत हसत मला म्हणाली, "मिलिटरीत? आमचे हे? छाती दोन सेंटीमीटर कमी भरली म्हणून परत पाठवलतं की!"

ते खरं होतं. सिद्राममामा मूळचे सदलग्याचे. वडील दुसऱ्यांच्या उसात राबायचे. दहावी झाल्यावर अठराव्या वर्षी मामा भरतीला म्हणून बेळगावला आले. धावण्यात पास झाले, छातीत नापास झाले. बरोबरची पोरं संध्याकाळच्या एस.टी.नं गावाकडं परत गेली. मामा मात्र मैदानाबाहेरच्या एका शिंप्याच्या दुकानासमोर उभे राहिले. आत वर्द्या टांगल्या होत्या, त्या बघत उभे राहिले ते दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी हलले नाहीत. शेवटी तो म्हातारा शिंपी वैतागून म्हणाला, "नुसतं काय बघतोस? आत ये, झाडू मार." मामा आत गेले ते बावीस वर्षांनी बाहेर आले, स्वतःचं दुकान काढायला.

हात फार चांगला होता. वर्दीबद्दल ते म्हणायचे, "कापूड अंगावर बसाय पायजे, लटकाय न्हाय." दूर बदली झालेले जवान फोनवरून सांगायचे, "मास्टरजी, पुराना नाप." मामांकडं त्या सगळ्यांची मापं एका जाड वहीत होती. आसामात असलेल्या पोराचं पोट वाढलंय का, हे ते त्याच्या आवाजावरून ओळखायचे आणि कंबर अर्धा इंच सैल ठेवायचे.

दोन हजार अठराच्या शेवटी त्यांच्या मुलीला, करिष्माला, नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. फी मोठी होती. त्याच सुमारास नक्षीकाम करणारं एक मशीनही घ्यायचं होतं, म्हणजे नावाच्या पट्ट्या आणि बिल्ले दुकानातच करता आले असते. मामांनी आमच्या सोसायटीतून दोन लाख चाळीस हजारांचं कर्ज काढलं. जामीन राहिले मारुतीराव. ते निवृत्त हवालदार, आमच्याच बाजूच्या खेड्यातले. भरतीच्या पहिल्या वर्दीपासून निवृत्तीच्या सुटापर्यंत त्यांचे सगळे कपडे मामांनी शिवलेले.

हप्ता होता पाच हजार सहाशे. मी रोज दुकानात जात होतेच, माझ्याकडं दिला असता तरी चाललं असतं. पण मामा दर पाच तारखेला स्वतः सोसायटीत यायचे, रांगेत उभे राहायचे, नोटा एका तोंडाच्या करून द्यायचे. असे चौदा हप्ते झाले. मग टाळेबंदी आली.

त्या दिवसांचं काय सांगायचं, सगळ्यांनीच बघितलंय. मिलिटरी सेंटरचे दरवाजे बाहेरच्यांना बंद झाले आणि दुकानाचं शटर महिनोन्महिने खाली. मामांनी मास्क शिवले, पाच रुपयाला एक. दुकान उघडल्यावर पुन्हा हप्ते सुरू केले. कधी पाच तारीख चुकून बारा व्हायची, पण भरायचे. आणखी सोळा हप्ते भरले त्यांनी.

मग वर्दीच बदलली. जवानांच्या रोजच्या गणवेशाचा नमुना नवा आला आणि तो बाहेरच्या शिंप्यानं शिवायचा नाही असं ठरलं. तयार कपडा आतूनच मिळणार. सुरुवातीला मामा म्हणायचे, "जुन्या वर्दीला अजून टाइम हाय." पण आठवड्याला पंधरा जोड येत होते त्याचे आठ झाले, मग तीन. नंतर फक्त बटण लावा, चेन बदला, पदकाची पट्टी शिवा, असली किरकोळ कामं उरली. नवीन मशीनवर मामांनी कापड झाकलं.

हे सगळं मला तेव्हा कळलं नाही, कारण मामांनी कळू दिलं नाही. आधी पिग्मी पन्नासाची वीसवर आणली. मग एक दिवस म्हणाले, "कल देता हूँ." मग मी जायच्या वेळी शटर अर्धं खाली दिसायला लागलं. मी हाक मारली तर आतून आवाज नाही. पण शटरच्या खाली मामांचे बूट दिसत होते. इतकं चकचकीत पॉलिश केलेले बूट अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कोणाचे नव्हते. मी थोडा वेळ उभी राहिले. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मग मोठ्यानं म्हणाले, "बरं, उद्या येते मी," आणि निघाले. असं पाच महिने चाललं.

हप्तेही थांबले होते. सोसायटीची पत्रं गेली, उत्तर नाही. शेवटी नियमाप्रमाणं जामीनदाराला नोटीस गेली.

मारुतीराव नोटीस घेऊन कॅम्पात आले तेव्हा मी समोरच्या बेकरीत पावती फाडत होते. त्यांनी शटरवर हात मारला नाही. सरळ वाकले, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत आत शिरले. मी मागोमाग गेले. मला वाटलं आता भांडण होतंय.

मामा मशीनसमोर नुसते बसले होते. मारुतीरावांना बघून उठले.

"बस," मारुतीराव म्हणाले. "नोटीस आलीया मला."

"आण्णा, मी भरणार हाय. एवढा दसरा..."

"ते सोड. गेल्या शनिवारी मी बाजारात तुला हाक मारली. तू ऐकलास आणि कापडाच्या गल्लीत शिरलास. व्हय का न्हाय?"

मामांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली.

"तीस वर्सं तू माझी छाती मोजलीस, सिद्राम. आणि मला बघून पळालास? नोटिशीचं मला काय वाटत न्हाय. कागूद हाय ते. पण घरला गेलो आणि मला भाकरी ग्वाड लागली न्हाय बघ."

मामा खाली बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मान खाली घातली. इतका ताठ माणूस असा बसलेला मी कधी बघितला नव्हता.  मग मारुतीरावच म्हणाले, "पोरी, जरा च्या सांग की तीन."

चहा पिता पिता ठरलं की दुसऱ्या दिवशी सोसायटीत जायचं. मामा म्हणाले, "काय तोंड घेऊन जाऊ?" मारुतीराव म्हणाले, "हाय तेच घेऊन चल. दुसरं कुठलं आणणार हायस?"

आमचे मॅनेजर नागेंद्र. घरी कन्नड बोलतात, मराठी त्यांच्या पद्धतीनं. मामा, मारुतीराव आणि सोनुबाई असे तिघं त्यांच्या टेबलासमोर बसले. मी दाराशी उभी राहिले. नागेंद्र सरांनी खातं काढलं. मुद्दल, थकलेलं व्याज, दंड धरून एक लाख सत्तर हजारांच्या वर गेलं होतं.

"सिद्रामप्पा," सर म्हणाले, "हे सोडून आणि कुठं कर्ज आहे काय? खरं सांगा. नाहीतर मी हप्ता चुकीचा बसवणार, तुम्ही परत अडकणार."

"न्हाय सर," मामा म्हणाले.

"हाय," सोनुबाई म्हणाली.

मामांनी तिच्याकडं बघितलं. तिनं नवऱ्याकडं न बघता सरांना सांगितलं, "फोनवरच्या ॲपवरनं घेतलंय त्यांनी. अठरा हजार. आता एकतीस झालंत म्हणं. मला सांगितलं न्हाय, पण ते लोक माझ्या भावाला फोन करून शिव्या द्यालेत. निपाणीसनं भावानं मला इचारलं."

मामांचा चेहरा काळवंडला. पण सोनुबाईच्या बोलण्यात राग नव्हता. डॉक्टरला दुखणं सांगावं तसं तिनं सांगितलं. नागेंद्र सर थोडा वेळ पेन वाजवत बसले. मग म्हणाले, "आयतु, ठीक आहे. आधी ते फोनचं बंद करा. ते जास्त घाण आहे. आमचं आम्ही बघतो."

ते बंद करायला नक्षीचं मशीन विकावं लागलं. गडहिंग्लजच्या एकानं चौतीस हजार दिले. टेम्पोत चढवताना मामांनी त्याला तेल कुठं घालायचं, सुई कुठल्या नंबरची, दोरा कुठल्या कंपनीचा, सगळं दोनदा सांगितलं. टेम्पो गेल्यावर भिंतीजवळची मोकळी जागा झाडून काढली आणि मला म्हणाले, "मॅडम, जगह अच्छी हो गयी." मग आत जाऊन पाणी प्यायले.

सोसायटीनं दंडाचा काही भाग सोडला. उरलेल्या एक लाख बासष्ट हजारांचे पाच वर्षांचे नवीन हप्ते बांधून दिले. महिना तीन हजार आठशे, साठ हप्ते. तीस हप्ते आधीच भरलेल्या माणसाला परत एकपासून मोजायचं, हे मामांना फार लागलं. दारातून बाहेर पडताना म्हणाले, "ज्या कर्जाचं तीस भरलं, त्याचंच अजून साठ." सोनुबाई म्हणाली, "चला, एष्टी चुकंल."

आता प्रश्न होता शिवायचं काय. वर्दी तर संपली. मी म्हटलं, "मामा, ब्लाउज शिवा की. बायकांना चांगला शिंपी मिळत नाही." त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी सुभेदाराला बाजारात भाजी विकायला सांगितली. पण पंधरा दिवसांनी स्वतःच म्हणाले, "एक सॅम्पल लाकर दो."

पहिला ब्लाउज माझाच. माप घ्यायला सोनुबाई आली, मामा पाठ करून आकडे लिहून घेत होते. चार दिवसांनी ब्लाउज तयार झाला. काय सांगू त्याचं! शिलाई अशी की ट्रॅक्टरनं ओढली तरी उसवणार नाही. पण घातला आणि मला हात वर करता येईना. खांदे असे ताठ की मी आता कुणाला तरी सलाम ठोकणार असं वाटत होतं. बाहीचा मुंढा बाईमाणसाचा नव्हे, हवालदाराचा होता. मी तसाच घालून दुकानात आले. सोनुबाईनं बघितलं आणि ती तोंडाला पदर लावून हसत खालीच बसली. मामा गंभीरपणे चारी बाजूंनी फिरले आणि म्हणाले, "फिटिंगमध्ये प्रॉब्लेम न्हाय. तुमी उभारायचं चुकालंय."

पण रात्री घरी गेल्यावर त्यांनी सोनुबाईचे तीन जुने ब्लाउज उसवले, प्रत्येक तुकडा कागदावर ठेवून आखला. आठ दिवस त्यातच होते. पन्नाशीचा माणूस पुन्हा उमेदवारी करत होता. तिसरा ब्लाउज बरा झाला. सहावा मी हौसेनं एका लग्नात घातला.

ब्लाउजला खिसा जोडण्याची कल्पना मालुबाईची. मालुबाई कॅम्पाच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसते, माझीच पिग्मीची गिऱ्हाईक. एक दिवस ती मामांना म्हणाली, "मास्तर, पैशाची पिशवी मी ब्लाउजात खुपसतोय, घामानं नोटा कुजालेत. तुमी मिलिटरीवाल्यांस्नी खिसं लावत होतासा न्हवं? मला पण एक लावा की आतनं."

मामांचे डोळे एकदम चमकले. खिसा! खिशातलं त्यांना जे कळत होतं ते बेळगावात दुसऱ्या कुणाला कळत नसेल. त्यांनी डाव्या बाजूला आतून, अस्तराच्या कापडाचा, वर झाकण आणि टिचबटण असलेला खिसा लावून दिला. बाहेरून सुरकुतीसुद्धा दिसत नव्हती. मालुबाईनं तो भर बाजारात शेजारणींना दाखवला. महिन्याभरात भाजीवाल्या, मासळीवाल्या, घरकामाला जाणाऱ्या बायका यायला लागल्या. शिलाई अडीचशे, खिशाचे चाळीस वेगळे. त्यानं काही माणूस श्रीमंत होत नाही, पण पाच तारखेला तीन हजार आठशे निघायला लागले. मामा पुन्हा रांगेत दिसायला लागले. एक हप्ता, दोन, पाच, आठ.

मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

मे महिन्यात मशीनची सुई त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटातून आरपार गेली. सुई आत मोडली. त्यांनी ती पकडीनं ओढून काढली, हळद दाबली आणि त्याच हातानं दिवसभर काम केलं. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. करिष्मा तोवर नर्स होऊन निपाणीच्या एका दवाखान्यात लागली होती. ती आली आणि बापाला रागावत रागावत दवाखान्यात घेऊन गेली. बोट वाचलं, पण पू काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे मशीन नाही.

मेचा हप्ता तेवढा आधीच भरला होता. लग्नसराईचे अकरा ब्लाउज तसेच परत द्यावे लागले. जूनची पाच तारीख आली आणि गेली. मी दुकानावरून गेले तर शटर पूर्ण खाली होतं.  मला ते मागचे पाच महिने आठवले. फोन करावा असं वाटत होतं, पण काय बोलणार? मी वसुलीची माणूस नव्हे, पण सोसायटीची तर होते. माझा फोन म्हणजे त्यांना तगादाच वाटला असता.

सात तारखेला मी पैसे भरायला सोसायटीत गेले तर रांगेत मामा उभे. इस्त्रीचा शर्ट, बूट पॉलिश केलेले, उजवा हात गळ्यात अडकवलेला. त्यांची पाळी आली. त्यांनी डाव्या हातानं खिशातून नोटा काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. तीनशे रुपये होते.

कॅशिअर मुलगी म्हणाली, "काका, हप्ता तीन हजार आठशे आहे."

"म्हायती हाय."

"मग हे...?"

"हप्ता न्हाय हे. हे मी आलोय एवढंच."

ती गोंधळली. म्हणाली, असं अर्धवट घेता येत नाही बहुतेक, विचारते. मामा काउंटर सोडेनात. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. नागेंद्र सर केबिनमधून बाहेर आले, हाताकडं बघितलं, नोटांकडं बघितलं.

"सर," मामा म्हणाले, "दोन महिने माझ्याकडनं भरायचं न्हाय जमणार. ऑगस्टपासनं भरतो. दंड लावा. आण्णांस्नी नोटीस पाठवू नका, मीच जाऊन सांगून आलोय त्यांस्नी."

सर कॅशिअरला म्हणाले, "घे गं. तीनशेची पावती दे." मग मामांना म्हणाले, "एवढ्यासाठी कशाला आलात हो हात घेऊन? फोन करायचं."

"फोनवर माणूस खोटं बोलतोय सर," मामा म्हणाले.

मी बाजूलाच उभी होते. त्यांनी मला बघितलं आणि जरा लाजल्यासारखं हसले.  मी स्कूटीवरून त्यांना घरापर्यंत सोडलं. वाटेत ते म्हणाले, "पोरी, ह्येच्या आधी शटर पाडून बसायला जेवढा तरास झाला न्हवं, तेवढा आज तीनशे द्यायला झाला न्हाय बघ." मला ते मॅडम सोडून पोरी म्हणाले, ते त्या दिवसापासून.

घरी बसून त्यांना करमेना. आठवड्यानं दुकान उघडलं आणि सोनुबाईला मशीनवर बसवलं. ते स्टुलावर बसून हुकूम सोडणार आणि ती शिवणार. मी चार वाजता गेले तेव्हा दोघांचं जुंपलं होतं.

"सीधा! सीधा चलाव. दाब कमी. आता थांब. थांब म्हटलं की थांबायचं!"

सोनुबाईनं मशीन बंद केलं. "अवं, मी काय परेडला आलोय?"

"शिलाई वाकडी जाईल."

"जाऊ दे की मग! मी निपाणीच्या वखारीत दहा वर्साची असताना दिवसाला सातशे विड्या वळत होतो. माझ्या बोटास्नी तुमी शिकवणार? तुमी आपलं तोंड मिटा आणि कात्री द्या."

मामांनी कात्री दिली.

खरंच, तिच्या बोटांना काही शिकवावं लागलं नाही. विडीच्या पानात वीस वर्षं गेलेली ती बोटं, हुक आणि काजं तर मामांपेक्षा बारीक करायला लागली. ही गोष्ट मामांनी मान्य करायला तीन महिने घेतले, आणि तीसुद्धा तिच्यासमोर नव्हे, माझ्यासमोर. दबक्या आवाजात म्हणाले, "काज बघ हिचं. असं काज मला अजून जमत न्हाय." मी ते सोनुबाईला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "म्हायती हाय मला. रातचं बॅटरी लावून बघत होते."

ऑगस्टला हप्ता आला. सप्टेंबरला आला. चुकलेले दोन त्यांनी दिवाळी आणि संक्रांतीला जास्तीचे भरून मिटवले. मारुतीराव दर पाच तारखेला सोसायटीच्या पायरीवर येऊन बसायला लागले. काम काही नसायचं. मामा आत भरून यायचे, मग दोघं समोरच्या हॉटेलात चहा-भजी खायचे. बिल मारुतीराव द्यायचे. मामांनी एकदा देऊ केलं तर म्हणाले, "तू आधी साठ पुरं कर, मग बिर्याणी दे."

एकदा करिष्मा शनिवारच्या सुट्टीला निपाणीहून आली. मी दुकानात होते. तिनं पर्समधून पाकीट काढून बापासमोर ठेवलं. म्हणाली, "आप्पा, चाळीस हजार साठलेत माझ्याकडं. एकदम भरून टाका."

मला वाटलं, आता मामा मान ताठ करून नको म्हणणार. त्यांनी पाकीट हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि परत दिलं.

"एकदम नको. तुला लागंल. पण तिसरा हप्ता तू भरत जा."

"म्हणजे?"

"दोन मी आणि तुझी आई, तिसरा तू. फी तुझी होती न्हवं? मग तू पण भर की थोडं."

करिष्मा आधी बघतच राहिली, मग हसली. तिला मनातून बरं वाटलं असावं. सोनुबाई काज शिवता शिवता म्हणाली, "एवढी अक्कल पाच वर्सं आधी आलती तर?" मामा म्हणाले, "तवा ही नोकरीला कुठं हुती?" 

तेव्हापासून करिष्मा दर तिसऱ्या महिन्याला येते. मामा तिला पैशाची पावती देतात. त्या मापांच्या जाड वहीचं मागचं पान फाडून, तारीख, रक्कम, खाली सही. ती म्हणते, "आप्पा, मी काय परकी आहे?" ते म्हणतात, "हिसाब हिसाब है." तिनं त्या सगळ्या पावत्या जपून ठेवल्यात, मला दाखवल्या एकदा. एकीवर मागच्या बाजूला कुठल्यातरी लान्सनायकाच्या कॉलरचं माप होतं.

गेल्या पाच तारखेला तिसावा हप्ता झाला. निम्मं कर्ज फिटलं. मामांचं बोट आता पूर्ण वाकत नाही, थंडीत दुखतं. मापाला बायका आल्या की "सावधान" म्हणायची सवय अजून गेलेली नाही. भाजीवाल्या बायका ते ऐकून मुद्दाम पाय आपटून उभ्या राहतात, आणि सगळं दुकान हसतं.

परवा गेले तेव्हा दुपारचं जेवण चाललं होतं. करिष्मानं निपाणीहून येताना डब्यात वरणा घेवड्याची आमटी आणली होती, सोनुबाईनं भाकरी. मला बळंच बसवलं. जेवताना करिष्मानं बापाचा रक्तदाब मोजायला पट्टा काढला. मामा म्हणाले, "जेवू दे की." ती म्हणाली, "हात सरळ ठेवा. बोलायचं नाही." मामांनी मुकाट्यानं हात पुढं केला. सोनुबाईनं माझ्या ताटात आणखी आमटी वाढली आणि म्हणाली, "खा गं रचना. आज मालुबाईच्या सुनंचे चार ब्लाउज द्यायचे हाईत, मग परत बोलाय पण सवड मिळायची न्हाय."